पिशाच, मीटर आणि मौन

हौशी भूतशोधकाच्या पिशवीत विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा मीटर, इन्फ्रारेड कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि तापमापक एवढे सामान हमखास असते. अशा शोधाला कुरुंदवाडसारखे गाव फार सोयीचे. नदीचा घाट, पटवर्धनी संस्थानाच्या खुणा, संताजी घोरपड्यांची म्हणून मानली जाणारी समाधी, आणि नदीपलीकडे नृसिंहवाडी, जिथे ‘बाधा’ झालेल्या माणसाला घेऊन घरचे लोक दत्ताच्या दारी येतात. समजा, मध्यरात्री घाटावर मीटर वाजला. त्याने नेमके काय सिद्ध झाले? प्रश्न यंत्राचा वाटतो, पण तो प्रमाणशास्त्राचा आहे, आणि आपल्याकडे त्याचा खल फार पूर्वीच झालेला आहे.

डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण धूर आणि अग्नी एकत्र असलेले आपण स्वयंपाकघरात पाहिलेले असतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, या अतूट सोबतीला व्याप्ती म्हणतात. मीटरचा हलता काटा आणि भूत ही जोडी कुठल्या स्वयंपाकघरात कोणी पाहिली? काटा हलवणारी दुसरी कारणे मात्र ढीगभर आहेत. कृष्णाकाठच्या शेतीपंपांना पाळीपाळीने रात्रीची वीज मिळते. मोटर सुरू झाली की तिच्या वायरीजवळ काटा हलणारच. भूत नसतानाही जो हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, दिसतो तो सव्यभिचार, म्हणजे हेत्वाभास, फसवा हेतू. कॅमेऱ्यातल्या चमकत्या गोळ्यांचे तेच. भिंगाच्या अगदी पुढ्यात आलेला किडा, धूळ किंवा धुक्याचा थेंब प्रकाशात तसाच दिसतो, आणि नदीकाठी या तिन्हींची ददात नाही. ध्वनिमुद्रकाच्या खरखरीतून ऐकू येणारे शब्द तर बहुधा आधी कोणीतरी सुचवलेले असतात.

यावर उत्तर येते की भूत सूक्ष्म आहे, तुमच्या मोजमापात ते मावणार नाही. हा आक्षेप हलका नाही. धर्मकीर्तीच्या परंपरेतल्या बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी तो मोठ्या काटेकोरपणे मांडला आणि उदाहरण घेतले तेही पिशाचाचेच. समोर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असे म्हणता येते, कारण असता तर तो दिसला असता. पिशाच मुळात दिसण्याजोगे नाही. तेव्हा ते दिसत नाही एवढ्यावरून त्याचा अभाव ठरत नाही. श्रद्धावंताला एवढी सूट द्यायलाच हवी, आणि घाईच्या नास्तिकाने ती नाकारू नये. पण ही सूट दोन्हीकडून लागू होते. मीटरच्या मौनाने भुताचे काही बिघडत नसेल, तर मीटरच्या आवाजानेही त्याचे काही सिद्ध होत नाही. वाजला तर भूत, न वाजला तर सूक्ष्म भूत, असा खटला चालवता येत नाही. भूत थंडावा आणते म्हणणाऱ्याने तापमापकाचा नकारही मान्य करावा. नाहीतर तापमापक घरी ठेवावा.

‘दुसरे कारण सापडले नाही, म्हणून भूतच’ ही अर्थापत्ती, म्हणजे दुसरा उलगडा नाही म्हणून केलेली कल्पना आहे, आणि बाकीच्या साऱ्या शक्यता खरोखर संपल्याशिवाय ती चालत नाही. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री येथील विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसल्याचा भास झाला. शोध घेतला तेव्हा एका पंख्यामुळे सुमारे 19 हर्ट्‌झची, कानाला न ऐकू येणारी ध्वनिलहर तिथे उभी राहत असल्याचे आढळले. 1998 साली त्याने हे प्रसिद्ध केले. त्या लहरीनेच आकृती दिसली का यावर वाद आहे. पण तो शोधत राहिला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

म्हणून चांगला शिरस्ता सोपा आहे. कोणत्या निकालाला ‘इथे काही नाही’ म्हणायचे ते आधी कागदावर लिहावे. तीच मोजणी दिवसाही करावी, वीज येण्याजाण्याच्या वेळा टिपाव्यात, आणि जागेची आख्यायिका ठाऊक नसलेला एक माणूस सोबत ठेवून त्याची नोंद वेगळी घ्यावी. जागेच्या मालकाची परवानगी तर हवीच.

‘छंद आहे, कोणाचे काय बिघडते?’ असे कोणी विचारील. घाटापुरते फारसे नाही. पण हाच मीटर कोणाच्या घरात वाजला की त्या घराला नाव पडते, आणि बोट बहुधा घरातल्या एखाद्या बाईकडे वळते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या बहाण्याने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे अशा छळाची आहे. तिथे पोहोचणारी वाट ‘इथे काहीतरी आहे’ या वाक्यापासून निघते, आणि मीटरवाला ते वाक्य यंत्राचा हवाला देऊन उच्चारतो.