तारामाशाचे ठिबक

कवठे महांकाळच्या द्राक्षबागांमध्ये मेन, सबमेन, लॅटरल, ड्रिपर हे ठिबक सिंचनाचे शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी असतात. दुष्काळानेच ते शिकवले. यातला ‘लॅटरल’ प्राणिशास्त्राच्या पुस्तकातही आहे, तोही समुद्रातल्या एका जिवाच्या पोटात, हे सांगितले तर बागायतदार हसेल.

तो जीव म्हणजे तारामासा. नावात मासा असला तरी हा मासा नव्हे. दहावीच्या पुस्तकात कंटकचर्मी संघात तो येतो, ‘नलिकापाद’ हा शब्द पाठ होतो आणि विषय संपतो. पण त्या एका शब्दामागे अख्खी पाणीयोजना आहे. तारामाशाच्या पाठीवर बारीक छिद्रांची एक चकती असते. विहिरीत सोडलेल्या फुटवॉलची जाळीच म्हणा ना. तिच्यातून समुद्राचे पाणी आत येते, चुनखडीने कडक झालेल्या नळीतून खाली उतरते आणि तोंडाभोवतीच्या गोल नळीला मिळते. ही झाली मेन. तिथून प्रत्येक हातात एक नळी जाते, ती सबमेन. सबमेनला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या आखूड फांद्या म्हणजे लॅटरल, आणि प्रत्येक लॅटरलच्या टोकाला एक मऊ, पोकळ पाय. असे पाय शेकड्यांनी.

इथवर त्याचे आणि आपले ठिबक सारखेच. फरक आहे दाबाचा. आपल्याकडे दाब नदीकाठी तयार होतो. म्हैसाळला कृष्णेचे पाणी उचलायचे, एकेक टप्पा चढवत कवठे महांकाळला आणायचे, पुढे जतकडे न्यायचे. वीजबिल थकले की पंप थांबायचे आणि बागा आवर्तनाची वाट पाहत बसायच्या. पुढे बिलाचा 81 टक्के भार शासनाने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी उचलायचे ठरले, पण दाबाची कळ कालव्याच्या शेवटच्या टोकाला कधीच नव्हती.

तारामाशात मोठा पंप नाहीच. प्रत्येक पायाच्या वर, शरीराच्या आत, त्या पायाची स्वतःची इवलीशी पिशवी असते. पिशवी आवळली की पाणी पायात उतरते आणि पाय लांब होतो. लॅटरलमधला व्हॉल्व्ह मिटलेला असल्याने पाणी मागे पळत नाही. पायाचे स्नायू आखडले की तेच पाणी पुन्हा पिशवीत जाते. थोडी गळती होते, ती चकतीवाटे भरून निघते. पाय खडकाला धरतो तो शोषणाने, असे पुस्तके पुष्कळ वर्षे सांगत आली. आता कळले आहे की मुख्य काम चिकट स्रावाचे आहे, आणि सुटण्यासाठी पाय दुसराच स्राव सोडतो. वाळूत राहणाऱ्या काही जातींच्या पायांच्या टोकाला तर खडक धरणाऱ्या चकत्याच नसतात. ते पाय टोकदार असतात आणि वाळू उकरतात.

या सगळ्यावर देखरेख करणारा मेंदू त्याला नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे आणि हातागणिक एक तंतू, एवढाच कारभार. जायचे असेल त्या दिशेचा हात पुढारी होतो, उद्या दुसरा. उलटा पडला तर एखाद्या हाताचे पाय आधी जमीन धरतात, बाकीचे त्यांच्यामागे येतात आणि तो सुलटा होतो.

हे वाचून विकेंद्रीकरणाचा धडा काढायचा मोह होतो, आणि तो अर्धा खरा आहे. आपणही पायागणिक पिशवी बांधली आहे. प्लास्टिक अंथरलेली शेततळी म्हणजे दुसरे काय? आवर्तन लांबले तरी बाग जगते ती त्यांच्यावर. पण तारामाशाच्या पिशवीत पाणी साठून राहत नाही. ते पायात जाते आणि परत येते, आणि सगळ्या पिशव्या त्याच एका मेनला जोडलेल्या असतात. शेततळे मात्र पुष्कळदा बोअरचे पाणी उपसून भरतात. ज्या भूजलावर शेजाऱ्याची विहीर चालते ते आपल्या तळ्यात येते आणि उन्हात वाफ होऊन जाते. याला विकेंद्रीकरण म्हणत नाहीत, ही साठेबाजी झाली.

उपमा ताणायचीही एक हद्द असते. कंटकचर्मी प्राण्यांच्या आज सुमारे सात हजार जाती आहेत, आणि त्यातली एकही गोड्या पाण्यात राहत नाही. आतले पाणी बाहेरच्या पाण्यासारखेच, त्यामुळे समुद्र सोडला की यंत्रणा कोलमडते. चहूबाजूंनी पाणी असलेल्या जिवाला वाटपाचा प्रश्न पडत नाही. तो आपल्याला पडतो, आणि त्याचे उत्तर समुद्राकडे नाही.

तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तारामाशाचा व्हॉल्व्ह पायापाशीच असतो आणि वापरलेले पाणी पिशवीत परत येते. पाणी कुठून आले, कुणी आणले, यावर आपल्याकडे निवडणुका होतात. व्हॉल्व्ह कुणाच्या हातात आहे आणि वापरलेल्या पाण्याचा हिशेब कोण ठेवतो, हे गावसभेत कुणी विचारत नाही. पुढच्या आवर्तनाआधी ते विचारा.