मजुरीचा रकाना

वडिलांची चेतक स्कूटर मी स्वतः घरी पुन्हा उभी केली, तेव्हा जो तो विचारायचा, "किती खर्च आला?" मी सुटे भाग, पत्रा, रंग, सीट कव्हर यांची बेरीज सांगायचो. मजुरी शून्य. हात माझे, रविवारही माझे. त्यांचे पैसे कोणाकडे मागणार?

पुढे शेजारच्या काकांची स्कूटर केली, तीही सामानापुरत्या पैशांत. गंजलेल्या पत्र्याला पुन्हा आकार येताना पाहण्यातच माझी मजुरी वसूल होत होती.

एकदा नाना पेठेत केबल घ्यायला गेलो असताना उस्ताद भेटले. डेंटिंगचे कारागीर. त्यांच्या शेजारी उभा राहून मी पत्रा ठोकायला शिकलो होतो. चहा पाजला आणि शांतपणे म्हणाले, "दादा, तुमच्या गाडीचा फोटो दाखवून गिऱ्हाईक माझा भाव पाडतंय. म्हणतं, एवढ्यात झालीय, मग तुम्ही इतके का मागता?"

चहा घशाखाली उतरेना.

चेतकला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. पाय ठेवायचा पत्रा सडला की तो कापून नवा जोडावा लागतो, आणि तो कापताच पुढचा-मागचा भाग एकमेकांपासून हलू शकतो. उस्ताद आधी दोन्हींच्या मध्ये लोखंडी अँगल वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्का करतात, मगच कापायला घेतात. वेल्डिंगही सलग ओढत नाहीत. एक टाका इकडे, एक तिकडे, मधे थंड होऊ देतात, नाहीतर पातळ पत्रा तापून लाटा धरतो. मी पहिल्या खेपेला सलग ओढलं होतं. त्या लाटा मी पुट्टीखाली दडवल्या. आजही तिथे लोहचुंबक धड चिकटत नाही. त्यांच्या कामात पुट्टी कागदाइतकी पातळ, बाकी सगळं हातोडी आणि डॉलीने, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने, बसवलेलं.

माझ्या गाडीला मी 190 तास दिले. तेच काम ते सहा दिवसांत करतात. तासांवर भाव ठरवला तर मी त्यांच्याहून महाग निघेन, आणि ते साफ चुकीचं होईल. माझ्या तासांतले निम्मे चुका करण्यात आणि त्या खरवडून काढण्यात गेले. त्यांच्या सहा दिवसांमागे तीस वर्षांच्या चुका आहेत, कधीच दुरुस्त होऊन गेलेल्या. शिवाय गाळ्याचं भाडं, हाताखालच्या पोराचा पगार, गॅसचं सिलिंडर. माझ्या घरी यातलं काहीच नव्हतं. होती ती फक्त महिन्याच्या एक तारखेला होणारी दुसरी कमाई, आणि तिच्याच जोरावर मी मजुरी शून्य लिहू शकलो. स्वतःच्या गाडीपुरतं ते ठीक होतं. काकांच्या गाडीवर ते शून्य लिहिताना मी उस्तादांच्या ताटात हात घातला, हे मला कळलं नव्हतं.

परवा ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "माझी पण करून दे ना, सामान मी आणतो." त्याला घेऊन उस्तादांकडे गेलो. त्यांनी गाडी आडवी केली, खालून हात फिरवला, स्क्रू-ड्रायव्हरने दोन ठिकाणी टोचून पाहिलं आणि रक्कम सांगितली. मित्राने माझ्याकडे पाहिलं.

"एवढे लागतातच," मी म्हणालो.