मनाच्या आजाराचा जमाखर्च

मानसिक आरोग्यावर पुढील काळात सरकारी तिजोरीतून किती खर्च करावा लागेल, या चिंतेत एक गृहीत दडलेले असते : आज हा खर्च होतच नाही. नांदेड-लातूरच्या मुलखात हे गृहीत टिकत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा परिसर उद्ध्वस्त झाल्यावर जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने घरे उभी राहिली, ५२ गावे नव्या जागी वसली, डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यासही केला. परंतु भिंतींचे मोजमाप घेऊन देयके अदा करणाऱ्या व्यवस्थेपाशी मनाची पडझड मोजणारे माप नव्हते, आणि जे मोजले जात नाही त्याची तरतूदही होत नाही.

शेतकऱ्याने जीव दिल्यावर मात्र दफ्तर जागे होते. पंचनामा होतो, सातबारा आणि कर्जाचे दाखले तपासले जातात, आणि प्रकरण पात्र ठरल्यास वारसाला एक लाखाची मदत, त्यातील ३० हजार धनादेशाने व ७० हजार ठेवीच्या रूपाने, देण्याची तजवीज शासननिर्णयात आहे. याउलट, तोच माणूस हयात असता, देगलूर वा उदगीरकडच्या कुटुंबाला प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचे तर ते येरवडा, नागपूर, ठाणे किंवा रत्नागिरीतच असे अनेक दशके होते. रुग्ण आणि सोबती अशा दोन माणसांची बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे सरकारच्या कोणत्याच लेखाशीर्षात येत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले, आणि २०१२ ते २०३० या काळात मनोविकारांमुळे भारताची हानी एक लक्ष कोटी डॉलरांहून अधिक होईल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे वाचवलेला वाटणारा पैसा बुडालेल्या श्रमाच्या रूपाने रयतेकडून वसूल होतच असतो.

औषधाने पाऊस पडत नाही आणि सोयाबीनला भावही मिळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. आर्थिक अन्यायाला आजाराचे नाव देऊन हात झटकणे हा तर अपराधच होय. तथापि कर्जमाफीचा अर्ज भरण्यासाठीही सकाळी अंथरुणातून उठण्याचे बळ लागते. १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि उपचारांचा हक्क देणारा २०१७ चा कायदा कागदावर असताना, प्रश्न खर्च करावा की नाही हा उरलेलाच नाही. तो मृत्यूपूर्वी करावा की मृत्यूनंतर, एवढाच निर्णय शासनाच्या हाती आहे.