चार थर की तीन?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मुलुंडच्या एका गल्लीत रस्त्याचं काँक्रिटीकरण चालू आहे. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी मागे मागे येत बॅरिकेडपाशी थांबते. महापालिकेचा दुय्यम अभियंता पत्र्याचा शंकू पुढे ओढतो. उंची तीस सेंटीमीटर, वरचं तोंड दहाचं, खालचं वीसचं. त्यात ओलं काँक्रीट थराथराने भरायचं, प्रत्येक थर सळईने पंचवीस वेळा ठोसायचा, शंकू सरळ वर उचलायचा आणि काँक्रीटचा ढीग किती खचला ते पट्टीने मोजायचं. ही स्लम्प टेस्ट. दोन-तीन मिनिटांचं काम, पण मिश्रणात पाणी जास्त झालं असेल तर तो ढीग लगेच सांगतो. पाणी जास्त म्हणजे ताकद कमी आणि भेगा लवकर.

आता प्रश्न असा, की थर किती? १९५९च्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ११९९ मध्ये, चार थर सांगितले होते. २०१८ला ते मानक सुधारलं आणि थर तीन झाले. एका थराच्या फरकाने रस्ता काही खचणार नाही. पण एखादा अभियंता २०१०च्या सुमारास पदवी घेऊन बाहेर पडला असेल, तर त्याच्या हाताला चारांचीच सवय असणार. चाराचे तीन झाले हे त्याला कुणी सांगायचं? कंत्राटदाराच्या लॅबमधल्या पोराने? ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडूनच तपासायची रीत शिकायची वेळ अभियंत्यावर यावी, ही या शहराने फार गांभीर्याने घ्यावी अशी गोष्ट आहे.

थरांची गोष्ट लहान आहे. पुलांची तशी नाही. २०११ साली इंडियन रोड्स काँग्रेसने काँक्रीटच्या पुलांसाठी नवी संहिता आणली, आयआरसी ११२. तोवर पुलांचं गणित ‘वर्किंग स्ट्रेस’ पद्धतीने होत असे: काँक्रीट आणि पोलादावर येणारा ताण एका ठरावीक मर्यादेत ठेवायचा, झालं. नव्या संहितेने ‘लिमिट स्टेट’ पद्धत आणली. भारात किती अनिश्चितता आहे याचा हिशेब वेगळा, मालाच्या ताकदीतल्या अनिश्चिततेचा वेगळा. पूल कोसळण्याची मर्यादा वेगळी तपासायची, भेगा पडण्याची वेगळी, वाकण्याची वेगळी. हे नुसतं सूत्र बदलणं नव्हे, विचार करायची पद्धत बदलणं आहे. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा अभियंता पस्तीस वर्षं काम करतो. १९९५ला रुजू झालेल्याच्या कारकिर्दीच्या ऐन मध्यावर पुलाचं गणितच बदललं. त्याने ते कुठे शिकावं, कोणाच्या वेळेत आणि कोणाच्या पैशाने, याचं पक्कं उत्तर आपल्या व्यवस्थेत नाही.

अंधेरीच्या गोखले पुलाकडे या प्रश्नातून पाहायला हवं. ३ जुलै २०१८. भर पावसातली सकाळ, साडेसातच्या सुमाराला १९७५ साली बांधलेल्या या पुलाच्या कडेचा पादचारी भाग खाली पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला. पाच जण जखमी झाले, त्यांतले दोघे पुढे दगावले. लोकलच्या मोटरमनने वेळीच ब्रेक लावला म्हणून गाडी त्या ढिगाऱ्यात शिरली नाही. चौकशीत जे पुढे आलं ते कुठल्याही सिव्हिल इंजिनियरला अस्वस्थ करणारं होतं: आतलं गंजलेलं पोलाद आणि वर्षानुवर्षं चढत गेलेला जादा भार, म्हणजे केबल, पेव्हर ब्लॉक, त्यांच्याखालची वाळू.

पुलाच्या कडेचा पदपथ बहुतेक वेळा भिंतीतून बाहेर काढलेल्या सज्ज्यासारखा असतो. एका टोकाला धरलेला, दुसरं टोक हवेत. त्यावर वजन वाढलं की सगळा ताण धरलेल्या टोकाच्या वरच्या बाजूला येतो आणि पाणी मुरतं तेही नेमकं तिथेच. वरून पाहणाऱ्याला नवे, स्वच्छ पेव्हर ब्लॉक दिसतात. खालून पाहणाऱ्याला तपकिरी ओघळ दिसतात, हातोडीने ठोकलं तर पोकळ आवाज येतो. कुठे उभं राहून पाहायचं, कुठे ठोकायचं, आणि केबलची नवी परवानगी देताना आधीच्या सगळ्या केबलींची बेरीज मांडायची, ही कौशल्यं पदवीच्या चार वर्षांत येत नाहीत. ती नोकरीत, जुन्याजाणत्याच्या शेजारी उभं राहून, आणि मुद्दाम योजलेल्या प्रशिक्षणातून येतात.

गोखले पुलाच्या दुर्घटनेनंतर आयआयटीच्या मदतीने मुंबईतल्या ४४५ पुलांची तपासणी करायचं जाहीर झालं. तरीही १४ मार्च २०१९ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल पडला आणि सात जण गेले. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला गेला होता. ऑडिटचा कागद तो लिहिणाऱ्याच्या नजरेइतकाच भरवशाचा, आणि कागद स्वीकारणाऱ्याला प्रश्न विचारता येतील तेवढाच उपयोगाचा. सल्लागार नेमला म्हणून महापालिकेच्या अभियंत्याला कमी कळलं तरी चालतं, हा समज म्हणूनच घातक आहे. उलट, दुसऱ्याचा अहवाल तपासायला स्वतः काम करण्यापेक्षा जास्त कळावं लागतं.

गोखले पुलाचा पुढचा अध्याय सर्वांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर २०२२ला पूल बंद झाला. अंधेरीच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीने पुढचे पंधरा महिने काय सोसलं ते तेली गल्लीच्या पुलावर अडकलेल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारावं. सुमारे १,३०० टनांचा पहिला गर्डर अंबाल्याहून सुट्या भागांत आला, जोडला गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये रुळांवर सरकवला गेला. २६ फेब्रुवारी २०२४ला एक बाजू खुली झाली आणि तेव्हा अवघ्या शहराच्या डोळ्यांत भरलं की शेजारचा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा गोखले पूल यांच्यात उंचीचं मोठं अंतर आहे. रेल्वेच्या नव्या नियमांनी रुळांवरची मोकळी जागा वाढवायला लावली होती, त्यामुळे नवा पूल उंच गेला आणि जुना उड्डाणपूल खाली राहिला.

मग जे झालं ते खरोखर कौतुकाचं होतं. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेतला गेला. हायड्रॉलिक जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग एका बाजूने १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला, आणि ४ जुलै २०२४ला दोन्ही पूल जोडून एक मार्गिका सुरू झाली. उभा उड्डाणपूल जवळजवळ दीड मीटर उचलायचा, तोही तिरपा, भेग पडू न देता, ही मामुली गोष्ट नाही. ज्यांनी ती केली त्यांचं नाव घ्यावं तेवढं थोडं.

पण एक शंका मनातून जात नाही. ते जॅक कोणत्या क्रमाने उचलले, दर टप्प्याला किती मिलिमीटर, कुठे थांबून काय मोजलं, हे ज्ञान आज कुठे आहे? फाइलीत असेल. सल्लागाराकडे, प्राध्यापकांकडे असेल. घाटकोपरच्या किंवा बोरिवलीच्या विभाग कार्यालयातल्या पंचविशीतल्या अभियंत्यापर्यंत ते पोचलं आहे का? आपण दरवेळी तहान लागली की विहीर खणतो, पाणी लागतंही, कारण आयआयटी आणि व्हीजेटीआय या शहरातच आहेत. पण पुढच्या तहानेला विहीर पुन्हा नव्याने खणावी लागते.

हे वेगळ्या तऱ्हेने करता येईल, असा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला होता आणि तो एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेखाली झाला होता. मुंबई उच्च न्यायालयातले बॅरिस्टर आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले मुकुंदराव जयकर हे १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते. मोटारी वाढत होत्या, रस्ते बैलगाडीच्या काळातले होते आणि प्रांतांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. १९२८च्या अहवालात समितीने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच राखून ठेवावा. १९२९च्या मार्चपासून गॅलनला दोन आणे या दराने मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. आज पेट्रोल भरताना आपण जो उपकर देतो त्याचं मूळ तिथे आहे.

जयकर समितीचं खरं मोठेपण मात्र पुढच्या शिफारशीत आहे. रस्त्यांविषयीचं ज्ञान आणि अनुभव एकत्र आणणारी अभियंत्यांची संस्था असावी आणि संशोधनाची सोय असावी, असंही समितीने म्हटलं होतं. त्यातून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ला आली. १९४३ साली मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी देशासाठी वीस वर्षांचा रस्ते आराखडा आखला, तो नागपूर योजना म्हणून ओळखला जातो. पैसा आणि शिकणं ही एकाच अहवालाची दोन अंगं होती. अभियंता नसलेल्या या कायदेपंडिताला कळलं होतं की नुसता पैसा ओतून रस्ते होत नाहीत, ते करणाऱ्यांनी एकमेकांपासून शिकत राहावं लागतं.

पुढे निधीची बाजू वाढत गेली. कधी टोल, कधी कर्ज, कधी जकात. नव्वदच्या दशकात राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत पन्नासावर उड्डाणपूल बांधायला घेतले, त्यांचा खर्च पुढे मुलुंड-दहिसरच्या टोलनाक्यांवर वसूल होत राहिला. १ जुलै २०१७ला जकात गेली आणि महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांचा टोलही माफ झाला. या प्रत्येक वळणावर पैसा कुठून येणार याची कडाक्याची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या पैशातून काम करून घेणाऱ्याचं शिक्षण कोणत्या खात्यातून होणार, हा विषय मात्र कुणी काढला नाही.

पैसा नाही असं म्हणण्याची सोय निदान मुंबईला नाही. महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. काँक्रिटीकरणाच्या पहिल्या टप्प्यात ३९७ किलोमीटर रस्त्यांसाठी सुमारे ६,००० कोटींची कामं दिली गेली. त्याचा हजारावा हिस्सा प्रशिक्षणासाठी काढला तर ६ कोटी होतात. अमेरिकेत केंद्राकडून राज्यांना महामार्गांसाठी जो मुख्य निधी मिळतो त्यातले दोन टक्के नियोजन आणि संशोधनासाठी राखून ठेवावे लागतात आणि त्यातला किमान चौथा हिस्सा संशोधन आणि नव्या तंत्राच्या प्रसारावर खर्च करावा लागतो. १९८२पासून तिथे गावपातळीवरच्या रस्ते कर्मचाऱ्यांना शिकवण्याचा वेगळा कार्यक्रम चालतो. खड्डा कसा बुजवायचा इथपासून तो सुरू होतो. आपण दोन टक्के राहू द्या, हजारावा हिस्सा तरी अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली लिहावा.

शिकण्याच्या सक्तीचं काय? महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत तीस क्रेडिट मिळवावे लागतात. सिव्हिल इंजिनियरची देशपातळीवर सक्तीची नोंदणी करणारा कायदाच नाही, मग नूतनीकरणाची अट कुठली? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवानाधारक अभियंत्याला ठरावीक तासांचं शिक्षण दाखवावं लागतं; कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात ती अट नाही. तेव्हा तास मोजणं हाच एक उपाय आहे असं समजू नये. एसी खोलीत बसून हजेरी लावल्याने बर्फीवाला पूल उचलता येत नाही.

अडचण दुसरीच आहे, वेळेची. बोरिवलीला महापालिकेची नागरी प्रशिक्षण व संशोधन संस्था आहे, नाशिकला राज्याची महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. इमारती आहेत, वर्ग आहेत. पण विभाग कार्यालयातला अभियंता आठ दिवस प्रशिक्षणाला गेला तर त्याच्या टेबलावरचं काम करणार कोण? एप्रिल-मे म्हणजे नालेसफाई, ३१ मेची मुदत. जून लागला की खड्डे. ऑक्टोबरपासून पुन्हा खोदकाम. अभियंत्याला शिकायची इच्छा नसते हा आरोप कुणी करू नये. रात्री दोनला घरी जाऊन सकाळी नऊला तक्रार निवारणाला बसणाऱ्याला शिकायला मोकळं करावं लागतं. म्हणून त्या हजाराव्या हिश्श्यातला मोठा वाटा बदली अभियंत्याच्या पगारावर जायला हवा, पाहुण्या वक्त्यांच्या मानधनावर नाही. काँक्रीटची कामं पावसाळ्यात थांबतात, ते महिने रस्ते विभागाच्या अभियंत्यांसाठी राखता येतील. आणि वर्ग भरावा तो पुलाखाली, हातोडी हातात देऊन.

काँक्रिटीकरणावर त्रयस्थ देखरेखीसाठी महापालिकेने आयआयटी मुंबईला नेमलं आहे. पवई तर अंधेरी आणि घाटकोपरच्या अधेमध्येच. आयआयटीची माणसं जागेवर येतात तेव्हा महापालिकेचा अभियंता शेजारी फाइल धरून उभा राहतो की नमुना स्वतः घेऊन, चूक दाखवली तर का चुकलं ते विचारतो, यावर त्या कराराची खरी किंमत ठरते. देखरेखीच्या करारात शिकवण्याचं कलम घालायला एक परिच्छेद पुरतो.

घाई करायला कारणही आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता १२.२ किलोमीटरचा आहे आणि त्यातले ४.७ किलोमीटर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालच्या जुळ्या बोगद्यांतून जाणार आहेत. तो महापालिका बांधते आहे आणि पुढे सांभाळायचाही तिनेच आहे. डोंगरातून झिरपणारं पाणी, धूर बाहेर फेकणारे पंखे, आगीच्या वेळची बाहेर पडायची वाट, अस्तराच्या काँक्रीटची चाचणी, यांतलं फारच थोडं आजवर विभाग कार्यालयातल्या अभियंत्याच्या वाट्याला आलं आहे. आज चोविशीत असलेला अभियंता २०६०च्या आसपास निवृत्त होईल. त्या बोगद्याची पहिली मोठी दुरुस्ती त्याच्याच नोकरीच्या काळात निघणार. तो सध्या मुलुंडच्या त्या गल्लीत शंकू धुऊन पुढच्या गाडीची वाट पाहतो आहे.