ठोका ऐकणाऱ्याने काय करावे?

सदोष वस्तू विकताना तिच्या दोषाविषयी गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे होय काय? प्रश्न जुना आहे. पुराणांनी तो चर्चिला, कायद्याने त्यावर कलम लिहिले, आणि बाजार तर त्याचे उत्तर रोज देऊन मोकळा होतो. फराळाचे ताट समोर असताना असला प्रश्न कशाला, असे वाचक म्हणतील. परंतु दिवाळी हा जुने काढून नवे घेण्याचा सण आहे. आणि जुने काढायचे म्हणजे ते कुणाच्या तरी गळ्यात घालायचे! तेव्हा हा प्रश्न दिवाळीचाच म्हटला तरी चालेल.

मला तो एका मोटारीच्या इंजिनात भेटला. गिरगावातल्या आमच्या खोताच्या वाडीत बहुतेक बोळांतून मोटार जात नाही. लाकडी कठड्यांची, बाहेरून जिने असलेली ती जुनी घरे एकमेकांच्या इतकी जवळ उभी आहेत की, समोरच्या घरातली फोडणी आपल्या घरात शिंक काढते. ज्या थोड्यांकडे मोटार आहे, त्यांची ती बाहेर रस्त्यावर उभी असते. माझ्या शेजारच्या अंकलची पद्मिनी अशीच उभी असे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी. आधी फियाट ११००, पुढे पद्मिनी. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३ सालची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खाजगी गाड्या मात्र कुणीकुणी अजून सांभाळून आहेत. अंकलनी निवृत्तीच्या पैशातून तिचे इंजिन नव्याने बांधून घेतले. महिनाभर ते नव्या सुनेसारखे गप्प होते. मग त्यातून ठोका येऊ लागला.

हा ठोका कसला, ते शिवणयंत्रावरून समजेल. आपण पायटा वर-खाली हलवतो आणि चाक गोल फिरते. मधली दांडी एका हालचालीची दुसरी करून देते. मोटारीत पायट्याच्या जागी पिस्टन आणि चाकाच्या जागी क्रँक असतो. दोघांना जोडणारी दांडी म्हणजे कनेक्टिंग रॉड. ती क्रँकला जिथे मिठी मारते, तिथे दोन अर्धगोल पातळ पत्रे बसवलेले असतात. त्यांना बेअरिंगचे शेल म्हणतात. शेल आणि क्रँक यांच्यामध्ये इंचाच्या हजाराव्या भागाएवढी, फार तर दोन-अडीच भागांएवढी फट ठेवतात. तीत तेल दाबाने येते आणि लोखंड लोखंडाला लागत नाही. फट कमी पडली तर तेल शिरत नाही आणि बेअरिंग धरते. जास्त झाली तर तेल टिकत नाही आणि दांडी आपटू लागते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक पिस्टनवर सेकंदाला पंचवीस स्फोट होतात. एवढे तडाखे तेलाचा तो पातळ पडदा सोसत असतो.

अंकलनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी इंजिन गरम होऊ दिले, कारण गरम तेल पातळ होते आणि लपलेला ठोका तेव्हा उघडा पडतो. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवून त्यांनी मूठ कानाशी धरली. वैद्याने नाडी पाहावी तसे ते ऐकत होते. "टॅपेट नाही," ते म्हणाले, "टॅपेट वरून टिकटिकतं. हे खालून बोलतंय." नंतर त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पुन्हा लावली. पहिली काढली, ठोका तसाच. दुसरी काढली, तसाच. तिसरी काढताच तो बसल्यासारखा झाला. "तीन नंबर!" मिस्त्री म्हणाले. वायर काढली की त्या पिस्टनवरचा स्फोट थांबतो, दांडीवरचा भार उतरतो आणि तिची तक्रार मंदावते. तेवढ्याने ती बरी होत नाही, हे सांगायला नकोच.

आता सल्ले सुरू झाले. ज्या गॅरेजात इंजिन बांधले होते, त्यांनी "नवीन काम आहे, चालवून चालवून बसेल" असे सांगून हात झटकले. वाडीतल्या एका हितचिंतकाने अधिक व्यवहारी उपाय सुचवला: इंजिनात गिअरचे जाड तेल मिसळावे, ठोका काही दिवस दबतो, तेवढ्यात गाडी विकून टाकावी. "विचारलंच कुणी, तर इंजिन नवीन बांधलंय म्हणायचं. ते काय खोटं आहे?"

खरेच, ते खोटे नव्हते. ह्या वाक्यात जो खरेपणा आहे, त्याचीच मला भीती वाटली. कुरुक्षेत्रावर धर्मराजही खोटे बोलला नव्हता. अश्वत्थामा मेला होताच. फक्त तो हत्ती होता, आणि हत्ती हा शब्द शंखांच्या गजरात बुडाला, असे कीर्तनकार सांगतात. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी मातीला टेकला. आपल्या जाड तेलाचे काम शंखांच्या गजराचेच आहे. खरे ते ऐकूच येऊ नये, एवढीच त्याची कामगिरी!

कायदाही इथपर्यंत आपल्याबरोबर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम म्हणते की, ठाऊक असलेली गोष्ट कृतीने लपवणे ही फसवणूक होय. म्हणजे जाड तेल निकालात निघाले. पण नुसते गप्प राहिले तर? कायद्याने तिथे एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. अ हा लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. आणि लगेच दुसरे उदाहरण: ब ही जर अ ची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगणे हे अ चे कर्तव्य ठरते.

मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, कायद्याचे पांडित्य माझ्याकडे नाही. म्हणून हे उदाहरण मी आठवीच्या मुलांपुढे ठेवले. एका मुलाने विचारले, "सर, घेणारा ओळखीचा आहे का?" वर्ग हसला. परंतु सगळा प्रश्न त्या पोराने नेमका पकडला होता. ओळखीच्याला सांगायचे आणि अनोळख्याला नाही, हाच आपला व्यवहार. आपल्या मुलीला ही गाडी देऊन तिला नातवंडांसह बोरघाट चढायला आपण पाठवू काय? ठोका वाढत गेला तर दांडी तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येते. जो गाडी घेईल, तोही कुणाचा तरी जावई असेलच.

अंकलनी इंजिन उघडायला सांगितले. खालचे तेलाचे चेंबर उतरवले तेव्हा तळाशी जरीच्या धाग्यासारखी चकाकणारी कणी होती. तिसऱ्या दांडीच्या शेलवरचा करडा मुलामा जाऊन खालचे तांबे दिसत होते. क्रँक घासल्यानंतर त्याच्या पोटातल्या तेलाच्या बारीक वाटा कुणी धुतल्या नव्हत्या. राहिलेली भुकटी तेलाबरोबर शेलपर्यंत पोचली होती. बाहेरून सारे लखलखीत, आणि जिथे कुणी पाहत नाही तिथे कचरा! मिस्त्रींनी क्रँक काढून पुन्हा घासायला पाठवला, मायक्रोमीटरने आडवा-उभा मोजून गोलाई तपासली, त्या मापाचे नवे शेल आणले आणि दांडीचे टोपण त्याच दांडीला, त्याच बाजूने बसवले. पण सर्वांत जास्त वेळ त्यांनी घालवला तो तेलाच्या वाटा धुण्यात. तारेचा ब्रश, रॉकेल, मग फडके. फडके पांढरे निघेपर्यंत. "हे केलं नाही तर नवीन शेल पण महिनाभरच," ते म्हणाले.

खर्च अंकलना दुसऱ्यांदा झाला. चूक दुसऱ्याची, भुर्दंड ह्यांना. यात न्याय नाही, आणि तो आहे असे मी भासवणार नाही. मग त्यांनी तो का सोसावा? मला वाटते, याचे उत्तर ठोक्याच्या स्वभावातच आहे. ठोका आहे तेवढाच राहत नाही. पहिल्या दिवशी उघडले तर शेलवर भागते. उशीर झाला की क्रँक घासावा लागतो. आणखी उशीर झाला की सारे इंजिन भंगारात जाते. मौनाने विकलेला दोष हातोहात पुढे जाताना असा महागत जातो, आणि ज्याला काहीच ठाऊक नाही अशा शेवटच्या माणसाच्या हातात फुटतो. म्हणजे तो दुरुस्त करणे सर्वांत स्वस्त पडते ते ज्याने प्रथम ऐकला त्याला. दोष कुणी केला, यावरून शिक्षा ठरावी. तिच्यासाठी अंकलनी त्या गॅरेजवाल्याशी खुशाल भांडावे. परंतु तो दूर कुणी करावा, हे मात्र तो कुणाला कळला यावरून ठरते.

हे सोपे नाही, कारण ऐकणाऱ्याला नेहमी वाटते की, आपण ऐकलेच नसते तर बरे झाले असते. घरातल्या भिंतीची ओल, हिशेबातली न जुळणारी रक्कम, मुलाच्या आवाजातला बदल, ह्या सर्वांना आपण जाड तेल घालून पाहतो. भार थोडा उतरतो, ठोका बसतो, आणि आपण म्हणतो, गेला. तो गेलेला नसतो. पुढच्या चढावर तो पुन्हा ऐकू येईल. फक्त त्या वेळी गाडीत कोण बसलेले असेल, एवढेच आपल्याला ठाऊक नसते.