पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची गाय

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा व्हिडिओ गेम २०१६ साली आला. त्यात गाय पाळता येते. रोज वैरण घालायची, पाठीवरून हात फिरवायचा. लळा लागला की दूधही चांगल्या प्रतीचे मिळते. उपाशी ठेवली तरी ती मरत नाही. रुसते आणि दूध बंद करते, इतकेच. मग तिला उपाशी ठेवणे पाप आहे का?

चेन्नईत या प्रश्नाच्या वाटेत एक फार जुना पिठाचा कोंबडा भेटतो. 'यशोधर काव्यम्' हे जैन काव्य तमिळमधल्या पाच लघुकाव्यांपैकी एक. हीच कथा सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' या संस्कृत ग्रंथात सांगितली. राजा यशोधर आईला एक वाईट स्वप्न सांगतो. आई म्हणते, देवीला बळी दे. राजाला जीवहत्या नको आणि आईचे मनही मोडवत नाही. शेवटी पिठाचा कोंबडा करून तो कापला जातो. रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी मायलेकांना मोर, कुत्रा अशा योनींतून फिरावे लागते. सुरी पिठावर चालली, पण संकल्प मारण्याचा होता. जैन विचारात ही संकल्पी हिंसाच.

याउलट तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी यज्ञात जिवंत पशूऐवजी पिष्टपशूचा पुरस्कार केला. चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरांपैकी अनेक माध्व आहेत. त्यांच्या परंपरेत पीठ म्हणजे एका जिवाची सुटका. आपल्याकडे होमात कोहळा कापतात, तोही याच विचाराने. एक परंपरा करणाऱ्याच्या मनाकडे बघते, दुसरी मरणाऱ्या जिवाकडे.

खेळातल्या खाणीत रमल्यामुळे गायीला वैरण घालायला विसरलेला खेळाडू यशोधर नव्हे. त्याचा तसा संकल्पच नसतो. तिचे रुसणे बघायला मजा येते म्हणून मुद्दाम उपाशी ठेवणारा मात्र यशोधराच्या फार जवळ जातो. पडद्यावर कुणाला भूक लागत नाही हे खरे, पण उपाशी ठेवण्याची ती मजा खरीच असते.

खऱ्या गोठ्यात मात्र हेतूचा हिशेब पुरत नाही. चेन्नईतल्या अड्यारच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेत गेल्या, प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध त्यांनी विधेयक मांडले आणि पुढे १९६० चा कायदा झाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. मंडळाचे मुख्यालय कित्येक वर्षे चेन्नईतच होते. या कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणारा मालक दोषी ठरतो. त्या तरतुदीत 'जाणूनबुजून' ही अटच नाही. विसराळू माणसाच्या दावणीलाही गाय तितकीच उपाशी असते.

आणि खेळ एक मोठी गोष्ट झाकून ठेवतो. तिथे गाय म्हातारी होत नाही, भाकड होत नाही, तिला गोऱ्हा होत नाही. वासरू जन्मते ते कालवडच. शेतकऱ्याचा खरा धर्मसंकटाचा दिवस उजाडतो तो दूध आटल्यावर, कडब्याची पेंढी हातात धरून तो भाकड गायीसमोर उभा राहतो तेव्हा.