पौलाचें पत्र व आमचा मोबाइल

फिलेमोन व त्याचा दास अनेसिम यांत बिघाड झाला, तेव्हां पौल बंदिवासांत होता, जातां येईना. म्हणून त्यानें पत्र लिहिलें, अनेसिमालाही धाडलें आणि त्याचें देणें स्वतःच्या नांवावर घेतलें.

आज सून माहेरीं व मुलगा मुंबईस असतां मंडळीच्या वडिलांनीं मोबाइलवरून समेट करावा, हें उचितच. लेखी संमतीनें अशा मध्यस्थीची तरतूद २०२३ च्या मध्यस्थी कायद्यांतही आहे. मात्र मत्तयाच्या १८ व्या अध्यायांतला एकांत राखा; व्हॉट्सॲपवर घरचें भांडण वेशीवर टांगूं नका. सून बोलते तेव्हां शेजारीं कोण ऐकतें, हें अगोदर विचारा. मारहाण असेल तेथें समेटाची घाई करणें पाप होय. आधीं तिला सुरक्षित ठिकाणीं पोहोंचवा.

आणि नुसता फोन करून मोकळे होऊं नका. पौलानें त्याच पत्रांत आपल्यासाठीं उतरण्याची जागा तयार ठेवावयास सांगितलें होतें.